सरासरीचं साल

कणकुंबीच्या वर, जांभ्याच्या सड्यावर
एक मीटर बाय एक मीटर
लोखंडी चौकट. चार कोपऱ्यांना चार खिळे,
गंजलेले, बारा वर्षांचे.
आत काय उगवतं ते मी मोजते.
एवढंच काम.

मष्णू गुरव पर्जन्यमापक बघतो.
सकाळी साडेआठला मोजपात्र डोळ्यांसमोर धरतो,
श्वास रोखून, कुणाची नाडी बघितल्यासारखं,
आणि वहीत महिना मराठीत लिहितो, आकडे कानडीत,
कारण तिसरीपर्यंतची शाळा एक होती
नि चौथीपासूनची दुसरी.
वहीला त्याचं काही वाटत नाही.

चौकटीत दोघं भांडतात.
पांढरा गेंद आणि निळी आसवं.
बोटभर माती, तीच ओल,
तोच तीन महिन्यांचा उजेड.
मी धारवाडला शिकले तेव्हा फळ्यावर दोन समीकरणं होती:
जो थोडा सरस तो उरतो, दुसरा संपतो.
किती वर्षांत, एवढाच काय तो प्रश्न.
पहिल्या साली मी गेंदावर पैज लावली,
एका चहाची. ती अजून फिटलेली नाही.

दुसऱ्या साली जून कोरडा गेला,
जुलै आला तो थांबेचना.
गेंद बुडाले. चौकट काठोकाठ निळी.
तिसऱ्या साली मिरगाला भुरभुर, मग वीस दिवस ऊन:
गेंदच गेंद, पिंजलेल्या कापसासारखे.
मी लिहिलं, आसवं शून्य. खाली रेघ मारली.

ती रेघ रत्नव्वानं खोडायला लावली, मष्णूच्या बायकोनं.
मडक्यात राख घालून बी ठेवते ती,
सगळं एका साली कधी पेरत नाही.
'येळ बघून उठतंय ते,' म्हणाली.

जांभ्याच्या भेगेत, खसखशीहून बारीक,
वाईट साल झोपून काढणारं बी.
दोघांची वाईट सालं वेगवेगळी,
म्हणून दोघंही आहेत.

बारा वर्षांच्या पावसाची मी सरासरी काढली,
मष्णूला सांगितली. त्यानं बोट थुंकीत बुडवून
वही पुढून मागून चाळली.
'असलं साल तर आलंच न्हाई की बाई कधी.'
आलं असतं, दरसाल तेच आलं असतं,
तर आत एकच कुणी उरला असता
आणि मी केव्हाच घरी गेले असते.

इथं थांबले तर गोष्ट गोड होईल.
पण कवळा होता.
पिवळा, मुळात सातच रोपं, डाव्या कोपऱ्यात.
सातव्या साली ऑगस्टात जे कोसळलं
त्यात तो कोपरा खरवडून गेला, बियांसकट.
शंभर असते तर चार वाचले असते.
सात होते.
पाऊस तोच. गेंदाच्या हिशेबात ते एक साल,
कवळ्याच्या हिशेबात हिशेबच नाही.

पाच वर्षं लिहितेय: कवळा, शून्य.
आसवांच्या शून्यासारखंच दिसतं हे शून्य.
कुठलं झोपलेलं, कुठलं मेलेलं,
पेन्सिलीला कळत नाही.

काल उघडीप होती. मष्णूनं हाक मारली.
एक कवळा. दोन फुलं. चौकटीच्या बाहेर, वीतभर.
कुठून आलं बी? वरच्या अंगानं वाहून?
गव्याच्या खुराला चिकटून?
'सरकवा की जरा चौकट,' म्हणाला, 'कोण बघतंय?'
मग स्वतःच हसला.
रेघ सरकवायचं बोलणं आमच्याकडं
प्रत्येक हॉटेलात चहाबरोबर फुकट मिळतं.

चौकट सरकवता येत नाही.
मी उकिडवी बसले, पाय बधिर होईपर्यंत,
आणि लिहिलं: कवळा, शून्य.
समासात, बारीक अक्षरांत: बाहेर एक.

मष्णूनं पेन्सिल घेतली,
माझ्या अक्षरांखाली त्याचा एक काढला, कानडीतला.
लांबून शून्यच वाटतो तो,
फक्त खालून उघडा.